पोटातून नळी (पेग) टाकायला सांगितलंय, मन तयार होत नाहीये

रानजाई_कराड

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. २८ व्या आठवड्यात झाला, वजन १ किलो ५० ग्रॅम, ६१ दिवस काचेच्या पेटीत होता. सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाली नीट होत नाहीत, चारही हातपाय कडक, मान अजून पूर्ण धरत नाही. फिट्स येतात पण दोन औषधांवर गेले ७ महिने बऱ्यापैकी आटोक्यात आहेत. बोलत नाही पण माणसं ओळखतो, हसतो, बाबांच्या गाडीचा आवाज आला की डोळे दाराकडे.

प्रश्न जेवणाचा आहे. एक वाटी गुरगुट्या भात आणि वरणाचं पाणी भरवायला मला दीड तास लागतो, दिवसातून चार वेळा, म्हणजे सहा तास. एवढं करून वजन वर्षभर ८ किलो ६०० वरच अडकलंय. या वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला, शेवटच्या वेळी ९ दिवस ॲडमिट होतो. मग पुण्याला ती गिळतानाची व्हिडिओ एक्सरे टेस्ट केली, बेरियम पाजून करतात ती, त्यात दिसलं की पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातायत आणि त्याला ठसकाही लागत नाहीये. म्हणजे मी इतके दिवस समजत होते की ठसका लागत नाही म्हणजे नीट चाललंय. ते ऐकल्यापासून झोप नाही.

सध्या तीन आठवडे नाकातून राईल्स ट्यूब आहे, चिकटपट्टीने गाल सोलून निघालाय. डॉक्टर म्हणतात नाकातली नळी फार दिवस ठेवू नका, पोटातून पेग टाकून घ्या. सासूबाई अजिबात तयार नाहीत, "पोटाला भोक पाडून कुणी जेवतं व्हय" म्हणतात. त्याचं उष्टावण त्यांनीच केलं होतं, चांदीच्या वाटीत खीर, ती वाटी अजून रोज काढतात. नवरा म्हणतो तू म्हणशील तसं, आणि गप्प बसतो. आणि खरं सांगायचं तर मलाच वाटतं की एक जेवू घालायचं काम होतं माझ्याकडे, तेही जमलं नाही.

कुणी केलंय का हे? नंतर तोंडाने खाणं कायमचं बंद होतं का? घरचं अन्न देता येतं का? आणि आम्ही खेड्यात राहतो, मोठं हॉस्पिटल ४० किलोमीटरवर, रात्री नळी निघाली तर काय करायचं?

इवलीची_आई

ताई, सगळ्यात आधी ते न जमण्याचं डोक्यातून काढा. सहा तास भरवणारी आई आहात तुम्ही.

माझी लेक आता ७ वर्षांची आहे, तिलाही सीपी, फिट्स, आणि नजर कमी. ४ वर्षांची असताना पेग टाकली. त्याआधी आम्ही एक अख्खं वर्ष टाळलं आणि त्या वर्षात ती चारदा ॲडमिट झाली. हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, ते वर्ष मला परत मिळालं असतं तर मी काय केलं असतं ते सांगतेय.

पहिले पंधरा दिवस अवघड जातात. जागा दुखते, मूल कण्हतं, आपला हात थरथरतो. घरी आल्यावर पहिल्या रात्री मी तिचा वाटी-चमचा घासून फडताळात ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून खूप रडले. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की असं होतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

मग हळूहळू बसतं. मोठी सिरिंज लावायची, दट्ट्या काढायचा, हातात उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, आमचं २० ते २५ मिनिटांत होतं. डोक्याकडची बाजू उंच, आणि झाल्यावर निदान अर्धा-पाऊण तास आडवं करत नाही. शेवटी कोमट पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही, औषधानंतर पण सोडायचं, हे विसरलात की तुंबलीच समजा. गोळ्या सगळ्याच कुटून चालत नाहीत, काही कुटल्या तर एकदम अंगात उतरतात, म्हणून प्रत्येक औषधाचं डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्याकडे फिट्सचं औषध आधी अर्धं थुंकीबरोबर बाहेर यायचं, आता पूर्ण आणि वेळेवर जातं, हा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

घरचं अन्न देता येतं, पण लगेच नाही. सुरुवातीला आम्हाला डबाबंद फीडच दिलं होतं. मग डायटिशियनने लिहून दिलं त्याप्रमाणे नाचणीचं सत्त्व, मूगडाळ-भात, भोपळा, वर तूप, असं मिक्सरला अगदी बारीक करून दोनदा गाळून. नुसतं पाणी घालून पातळ करत बसलात तर पोट भरतं आणि वजन वाढत नाही, ही चूक मी दोन महिने केली. आणि केलेलं बाहेर ठेवायचं नाही, लगेच द्या नाहीतर फ्रीज.

नळी निघण्याचं महत्त्वाचं. नवीन असताना, पहिले दोन-अडीच महिने, निघाली तर घरी आपण घालायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही आणि त्यातून काही द्यायचंही नाही, स्वच्छ गॉज ठेवून सरळ हॉस्पिटल. नंतर जागा पक्की झाल्यावरही ते छिद्र काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून त्याच नंबरची जादा नळी किंवा फोलीज कॅथेटर (लघवीसाठी वापरतात ती मऊ नळी) कायम बॅगेत, आणि ते कसं घालून धरायचं हे डिस्चार्जच्या आधी तुम्ही आणि नवरा दोघांनीही नर्सच्या समोर करून दाखवायचं. तुम्ही ४० किलोमीटरवर आहात म्हणून हे शिकल्याशिवाय घरी येऊच नका. काही महिन्यांनी लांब नळीच्या जागी बटण बसवतात, ते पोटाला सपाट असतं, झबल्याखाली कळत पण नाही. तिचं वजन ९ किलो १०० होतं, वर्षात १३ च्या पुढे गेलं. तेव्हापासून न्यूमोनिया एकदाच.

बाबा_नाशिक

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. आम्हालाही पेग सुचवली होती, आम्ही नाही केली आणि आमचं निभावलं. मुलाला आधी मांडीवर आडवं घेऊन भरवायचो. फीडिंग बघणाऱ्या थेरपिस्टने त्याच्या मापाची खुर्ची करून घ्यायला लावली, मान किंचित पुढे, पाय टेकलेले, चपटा छोटा चमचा, आणि पातळ सगळं घट्ट करून. सहा महिन्यांत फरक पडला. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा हे सगळं करून बघितलंय का ते विचारा. आणि उलट्या किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल तर तो पण आधी बघायला सांगा, काही मुलांना त्यासाठी वेगळं ऑपरेशन लागतं आणि ते नळीबरोबर एकाच भुलीत करतात, नाहीतर दोनदा भूल.

इवलीची_आई

दादा, तुमचं खरं आहे पण तुमच्या मुलाला ठसका लागायचा का? कारण ताईंच्या बाळाला लागतच नाहीये.

बाबा_नाशिक

हो, लागायचा. टेस्टमध्ये पण फक्त पाणी थोडं जात होतं, घट्ट नीट उतरत होतं. न्यूमोनिया एकदाच झाला होता. बरोबर आहे तुमचं, आमची केस त्यांच्यापेक्षा हलकी होती.

वाचाउपचार_विदर्भ

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या गिळण्यावर काम करते. बाळाला बघितलेलं नाही म्हणून निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण काही गोष्टी सांगते.

ठसका न लागता श्वासनलिकेत जाणं याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. खोकला हा शरीराचा पहारेकरी असतो, तोच जागा नाही म्हटल्यावर आईला बाहेरून कळणं शक्यच नसतं. तेव्हा "मला समजलं कसं नाही" हा बोल स्वतःला लावू नका, म्हणून तर ती टेस्ट आहे. बसण्याची पद्धत आणि घट्ट करणं याचा उपयोग होतो, पण कोणत्या घट्टपणाला काय झालं ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, ते नीट विचारून घ्या. घरी अंदाजाने घट्ट करून भरवत राहू नका. तीन न्यूमोनिया आणि वर्षभर न हललेलं वजन असताना मी तरी थांबा म्हणणार नाही.

तोंडाचं खाणं कायमचं बंद होतं असं नाही. काही मुलं अंगात ताकद आल्यावर, थेरपीने, परत थोडंथोडं घेतात, काही फक्त चवीपुरतं घेतात, आणि काहींना ते सुद्धा सुरक्षित नसतं. आधी सांगता येत नाही. चव द्यायची का, किती आणि कशी, ते थेरपिस्ट ठरवून देईल, तोवर बोटभर सुद्धा नको. पण नळी आली म्हणून दात घासणं सोडू नका, उलट जास्त नेमाने करा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. मान एका कुशीला, ब्रश नुसता ओला, फेस होऊ द्यायचा नाही. नळीवरच्या मुलांचं हे सर्रास राहून जातं.

थेरपीसाठी दर वेळी पुण्याला जायला नको, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (अशा मुलांसाठीचं सरकारी तपासणी-उपचार केंद्र) असतं, तिथं फिजिओ आणि इतर थेरपी मोफत मिळते, चौकशी करा. ऑपरेशन ज्या हॉस्पिटलला आहे तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस) जोतिराव फुले योजनेत बसतं का ते भरतीच्या आधीच विचारा. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालं असेल तर नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा काढा, सीपीला मिळतो, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्च पण त्यात धरतात.

विषय वेगळा आहे पण तुम्ही चारही हातपाय कडक लिहिलंय म्हणून, खुब्याचा एक्सरे शेवटचा कधी काढला? अशा मुलांचा खुबा हळूहळू सरकतो आणि दुखायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. आता पुण्याला जाणारच आहात तर तो पण विचारा.

आजी६४

सुनबाई, मी या वयात मोबाइलवर हळूहळू लिहिते, चुका होतील.

मी तुझ्या सासूच्या जागेवर होते. माझ्या नातीला नळी घालायची म्हणाले तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. सुनेला म्हटलं तुम्हा आजकालच्या मुलींना दम नाही, मी चार लेकरं भरवली. असं बोलले मी. तिने उलट काही म्हटलं नाही. एका संध्याकाळी तिला ताप होता म्हणून मी नातीला भरवायला बसले, मला वाटलं दाखवतेच. पेजेचे चार चमचे गेले असतील नसतील, पोरीच्या ओठाचा रंग बदलला, छातीत घरघर घरघर, आणि रडायलाही येईना तिला. मुलाने उचलून दवाखान्यात नेलं. त्या रात्री मी देवापुढे बसले होते, मला काही मागायला सुचेना.

नळी घातल्याला आता तीन वर्षं झाली. दुपारी चारचं मी देते. मांडीवर उशी, त्यावर ती, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताने तिचा तळवा धरते आणि गोष्ट सांगते. पूर्वी भरवताना चिऊकाऊ करायला सवडच नव्हती, सगळं लक्ष घशाकडे. आता ती माझ्या तोंडाकडे बघत असते. चांदीची वाटी आमच्याकडे पण होती, तिच्यातच मी ते गाळलेलं काढून घेते आणि मग सिरिंजमध्ये ओतते.

सासूला दवाखान्यात बरोबर घेऊन जा. डॉक्टरांना सांग की तो व्हिडिओ त्यांना दाखवा. आम्हा म्हाताऱ्यांना सांगून पटत नाही, डोळ्यांनी बघितलं की पटतं. आणि त्यांना एक वेळचं काम दे, नुसतं लांबून बघायला लावू नकोस.

रानजाई_कराड

चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं परत परत वाचलं.

आजी, तुमचं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. ओठाचा रंग बदलला तिथं त्या उठून आत गेल्या. मला वाटलं चिडल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारलं की त्या आजी कुठल्या गावच्या. काल पुण्याला त्या बरोबर आल्या, डॉक्टरांनी तो व्हिडिओ हळू करून दाखवला, काळी रेघ मागच्या नळीऐवजी पुढच्या नळीत जाताना, दोनदा. येताना गाडीत कराडपर्यंत कुणी बोललं नाही. मलकापूरच्या पुलाजवळ त्या म्हणाल्या तारीख घेऊन टाका.

वाचाउपचार ताई, खुब्याचा एक्सरे दीड वर्षापूर्वीचा होता, काल काढला, डावा थोडा सरकलाय म्हणाले, हाडांच्या डॉक्टरांची वेगळी वेळ घेतलीय. तुम्ही विचारलं नसतं तर राहिलंच होतं. उलट्यांचं पण विचारलं, ती तपासणी भरतीच्या दिवशी करणार आहेत. आरोग्यमित्राने कागद मागितलेत, यूडीआयडी आहे आमचं.

पुढच्या मंगळवारी भरती व्हायचंय. इवलीच्या आई, बॅगेत काय काय घेऊ?

इवलीची_आई

पुढून बटणाची झबली ५-६, डोक्यावरून घालायची एकही नको. त्याची रोजची उशी, फिट्सची औषधं तुमच्याजवळची निदान आठ दिवसांची, आणि वेळा लिहिलेला कागद, तो पलंगाला चिकटवा कारण दर पाळीला नर्स बदलते. व्हिडिओ टेस्टची सीडी. तुमच्यासाठी शाल, वॉर्डात रात्री फार गार लागतं. आणि चांदीची वाटी घरीच ठेवा, हॉस्पिटलमध्ये हरवेल, आल्यावर सासूबाईंच्या हातात द्या. नंबर निरोपात टाकते, मंगळवारी रात्री कितीही वाजता फोन करा.