मदत हवी आहे : राज्यसेवा पूर्व हुकली, चुकांचा हिशेब कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा यंदाही थोडक्यात गेली. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे येणारा-जाणारा प्रत्येकजण ऐकवून गेला. पण त्या पायरीवर पाय नेमका कुठे ठेवायचा, ते कोणी सांगत नाही!

काल आम्ही उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि आयोगाची उत्तरतालिका शेजारी ठेवून बसलो. सीसॅटला (आकलन-बुद्धिमापनाचा दुसरा पेपर) पात्रतेपुरती ३३ टक्क्यांची अट आहे, तिथे अडचण नाही. गळती आहे सामान्य अध्ययनात. १०० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा, म्हणजे अर्धा गुण. प्रश्नपुस्तिकेवर राज्यघटनेच्या बऱ्याच प्रश्नांत त्याने आधी बरोबर पर्यायालाच खूण केली होती, मग खोडून दुसरा निवडला. विज्ञानात मात्र सरळ अंदाजपंचे. पहिल्यात आत्मविश्वास कमी, दुसऱ्यात अभ्यास. दोन्हींवर एकच औषध चालणार नाही, असं मला वाटतं.

ज्यांनी अपयशानंतर पूर्व काढली, त्यांनी चुकांची वही विषयवार ठेवली की कारणानुसार? किती प्रश्न सोडायचे हे सराव पेपरमध्ये कसं ठरवलं? 'चांगला क्लास लावा' हे कृपया नको, तो लावून झालाय.