पणजीत दोन रात्री, सहा मैत्रिणी, समुद्रकिनारा नको: मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमधल्या एका शनिवार-रविवारला शुक्रवार जोडून आम्ही सहा मैत्रिणी पणजीत राहायचं म्हणतोय. सगळ्या डीएडच्या वेळच्या. दोघी अजून कोल्हापुरातच, एक बेळगावला, एक पुण्याला, एक डोंबिवलीत आणि मी लग्न होऊन म्हापशात. नवरे, मुलं, सासवा कुणीही सोबत नाही एवढं पक्कं ठरलंय, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर भिजत पडलंय.

"घर म्हापशात असताना हॉटेल कशाला?" हे कुणी विचारायच्या आधी सांगते. (सासूबाईंचं विचारून झालंय.) सगळ्या घरी उतरल्या की त्या पाचजणी बाहेर झोपाळ्यावर आणि मी आत ओट्यापाशी, हुमणाचं वाटण लावत. बाहेर हशा पिकला की "काय गं, काय झालं?" म्हणून आतून ओरडायचं, आणि तोवर विषय बदललेला. मलाही सुट्टी हवी आहे, मग ती नदीच्या पलीकडे का असेना.

बागा-कळंगुट नको. त्या गर्दीत नुसतं एकमेकींना शोधत फिरावं लागतं.

पण माझी पणजी म्हणजे कामाची पणजी: कदंबाचा बसस्टँड, पाटोवरची बँक, दातांचा डॉक्टर, कचेऱ्या आणि दिवस मावळायच्या आत परतीची बस. पाहुणे आले की जुने गोवे, मंगेशी, म्हार्दोळ, दोना पावला, की झालं गोवादर्शन. रात्री आठ वाजता पणजीत काय चालतं ते मला खरंच माहीत नाही. म्हणून तिथल्या लोकांना विचारतेय.

राहायला फोंतेन्यसमधलं (पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती) एखादं जुनं घर बघावं की चर्च चौकाजवळ, अठरा जून रस्त्याकडे साधं हॉटेल बरं? एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. जुन्या घरांचे लाकडी जिने फोटोत फार सुंदर दिसतात, पण रात्री बाथरूम खाली असेल तर? माणशी रात्रीला दोन हजारांच्या आत बसवायचं आहे.

स्कूटर कुणीही चालवणार नाही. टॅक्सीच्या भाड्याचा मला धसका आहे. मागे एकदा स्टेशनवरून घरी येताना जे मोजलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जेवणात दोघी पक्क्या शिवराक, एक तर अंडंही नाही. उरलेल्या मात्र मासे खायलाच येणार आहेत. कॅसिनो नको. गाणी लावून नदीतून फिरवणारी बोट पाहुण्यांबरोबर करून झाली आहे, कान किटतात. आणि पुणेकरणीला फेणी चाखायची आहे. सहा बायका बारमध्ये बसल्या तर कुणी वळून वळून बघत नाही ना?

मळ्यावरची

ताई, आधी तारीख. वीस नोव्हेंबरच्या सुमाराला इफ्फी हा चित्रपट महोत्सव सुरू होतो, तेव्हा खोल्यांचे भाव विचारू नका. चोवीसपासून जुन्या गोव्यात नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि तीन डिसेंबरला सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, म्हणजे उत्सव, त्यामुळे तो रस्ता गच्च. आठ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, त्यानंतर नाताळ आलाच. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि वीसच्या आत जमवा.

जुनं घर घेणार असाल तर तळमजल्याची खोली आणि आतच बाथरूम, हे फोनवर दोनदा विचारा. गुडघेवालीसाठी मी तरी लिफ्टचं हॉटेल घेईन. फोंतेन्यस तिथून चालत येता येतं आणि गल्ल्या सपाट आहेत. चढ आहे तो आल्तिन्यो टेकडीचा, तो सोडा. चर्चचा जिनाही खालूनच बघितलेला छान.

फोंतेन्यसला सकाळी आठच्या आत या. तोवर उन्हं भिंतींवर आलेली असतात आणि पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत फिरत असतो. तिथल्या सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) क्रूस बघा. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. हा क्रूस एके काळी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्या डोळ्यांसमोर कुणाकुणाला उभं केलं असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

एक विनंती: लोकांच्या दारात, पायऱ्यांवर बसून फोटो नकोत. आम्ही इथं राहतो हो. लग्नाआधीच्या फोटोवाल्यांनी वीट आणलाय.

सांतिनेजकर

सहा बायका आणि तारखेपर्यंत आलात? अर्धं काम झालं.

डोंबिवलीवाल्या ताईंना करमाळी स्टेशनला उतरायला सांगा, मडगावला नको. करमाळी जुन्या गोव्याला लागून आहे, तिथून पणजी जवळ. बेळगावची चोर्ला घाटातून येईल. ओला-उबर इथं नाही. गोवा माइल्स अ‍ॅपवर भाडं आधी दिसतं, ते वापरा. जुने गोवे आणि दिवाडी बेट करायचं असेल तर अर्ध्या दिवसाची एकच गाडी ठरवा, परतीसकट. जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट जाते, गाडीही बोटीत चढते. पलीकडे रिक्षा मिळेल या भरवशावर जाऊ नका. मिरामार-दोना पावलाला बस आहेत, पण रात्री आठनंतर त्यांची वाट बघू नये.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा (प्रार्थना) असतात, म्हणून जुने गोवे शनिवारीच. खांदे झाकतील असे कपडे घाला. आणि दुपारी एक ते चार पणजीतली बरीच दुकानं बंद, तेव्हा खरेदी सकाळी उरका किंवा सरळ झोपा.

शेवयांची_खीर

खाण्याचं मी सांगते. न्याहारीला कॅफे ताटो, पुरी-भाजी किंवा पातळ भाजी आणि पाव. तिथं शिवराक मंडळी सुखात. दुपारी मासे हवे तर रिट्झ क्लासिकची थाळी, पण बाराला जा. एक वाजला की जिन्यात रांग. संध्याकाळी कन्फेतारिया ३१ दी जानेरोत काहीतरी गोड घ्या. बिबिंकात (थरांच्या गोवन केकमध्ये) अंड्याचे बलक असतात हे अंडं न खाणाऱ्या ताईंना आधीच सांगा. त्यांच्यासाठी दोदोल: गूळ, नारळ, तांदूळ.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बिबिंकाचं बरं सांगितलंत, ती ते आवडीने मागून खाते! आता तिला सांगावं की नाही यावर वेगळा धागा काढावा लागेल. लिफ्टचं हॉटेल नक्की. संध्याकाळचं आणि फेणीचं मात्र कुणी बोललंच नाही.

मळ्यावरची

संध्याकाळी साडेपाचला पणजीच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट धरा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरायचं, चहा घ्यायचा, दिवे लागले की त्याच बोटीने परत. तुमच्या त्या गाणीवाल्या बोटी पाण्यातून लांबूनच बऱ्या दिसतात.

फेणीला दारूचा गुत्ता नको. जिथं जेवण मिळतं अशा कौटुंबिक ठिकाणी बसा, कुणी ढुंकून बघत नाही. काजूची घ्या, लिंबू नि सोडा घालून, एक पेला दोघींत. पुणेकरणीला उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) हवा असेल तर तो काजूच्या मोसमात, मार्च-एप्रिलला. तेव्हा पुन्हा यावं लागेल.

धागाकर्ती

ग्रुपवर टाकलं. एप्रिलसाठी चौघींचे अंगठे आलेसुद्धा, नोव्हेंबरचं अजून दोघींचं "बघते गं" आहे.