अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइनच्या व्यावसायिक स्पर्धा : सुरुवात १९९५ ची की १९९४ ची?

आठ_चाकं
मराठी विकिपीडियासाठी अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंगवर (एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवर कठडे घसरणं, रॅम्पवर उड्या मारणं) नोंद लिहायला घेतली आहे. जिथे बघावं तिथे गोष्ट १९९५ च्या एक्स गेम्सपासून, म्हणजे ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या साहसी खेळांच्या स्पर्धेपासून, सुरू होते. त्याआधी बक्षिसाच्या स्पर्धा होत्या का? व्हर्ट (उभ्या भिंतींच्या रॅम्पवरचं) आणि स्ट्रीट (जिने, कठडे यांवरचं) असे दोन गट का पडले, गुण कशावर देत? आणि त्या काळचे स्केट साध्या इनलाइनपेक्षा नेमके कुठे वेगळे होते? पहिल्या काही वर्षांचे विजेते नावानिशी मिळाले तर फार बरं होईल.

कोपिंगवाला
१९९४ धरा. त्या वर्षी अमेरिकेत नॅशनल इनलाइन स्केट सिरीज, म्हणजे एनआयएसएस, ही स्पर्धामालिका सुरू झाली. त्याच सुमारास अ‍ॅग्रेसिव्ह स्केटर्स असोसिएशन, म्हणजे एएसए, उभी राहिली. नियम आणि क्रमवारी तिने लावून दिली. ईएसपीएन या खेळात उतरली तेव्हा खेळाडू, गट, परीक्षणाची रीत हे सगळं आधीच तयार होतं. म्हणून नोंद टीव्हीपासून सुरू करू नका, खेळाडूंवर अन्याय होतो.

आणखी एक. १९९५ च्या जून अखेरीस ऱ्होड आयलंडमध्ये जे झालं त्याचं नाव ‘एक्स्ट्रीम गेम्स’ होतं. ‘एक्स गेम्स’ हे नाव १९९६ पासूनचं.

१९९५ मध्ये पुरुषांचं व्हर्ट टॉम फ्रायने आणि स्ट्रीट मॅट सालेर्नोने जिंकलं, दोघेही ऑस्ट्रेलियाचे. १९९६ ला व्हर्ट डेन्मार्कच्या रेने हुल्ग्रीनकडे, स्ट्रीट आर्लो आयझेनबर्गकडे. १९९७ ला खेळ सॅन डिएगोला गेले; व्हर्ट टिम वॉर्ड, स्ट्रीट एरन फाइनबर्ग.

सोलप्लेट
बुटांचं मी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय स्ट्रीट हा गट का जन्मला ते कळत नाही.

साध्या इनलाइनला ७६ ते ८० मिमीची चाकं असतात, कडकपणा ७८ए च्या आसपास (आकडा मोठा तितकं चाक कडक), आणि चारही चाकं एकमेकांना जवळजवळ चिकटून. अशा स्केटने जिन्याच्या कठड्यावर आडवी उडी टाकली की चाकाचं मऊ युरेथेन लोखंडाला धरून बसतं. पाय जागच्या जागी थांबतो, अंग पुढे जातं. घसरायचं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये जागा हवी. ती जागा करण्यासाठी सुरुवातीच्या स्केटरांनी चाकं लहान केली आणि चाकं धरणाऱ्या फ्रेमला बाहेरून पट्ट्या मारल्या. यालाच ग्राइंड प्लेट म्हणत; ग्राइंड म्हणजे कठड्यावर घसरणं.

प्लेटमध्ये मुख्य घोळ स्क्रूचा. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या खाली बुडवलेलं नसेल तर तेच कठड्याला अडकतं. नीट बुडवलं तरी प्लेट झिजत जाते आणि काही दिवसांनी डोकं परत वर येतं. म्हणून स्क्रू बदलण्यापेक्षा प्लेटची जाडी तपासत राहणं महत्त्वाचं. पुढे कंपन्यांनी ही मधली जागा खाच म्हणून फ्रेमच्याच साच्यात घेतली आणि बुटाच्या तळाला बाहेरच्या बाजूने सपाट सोलप्लेट दिली. सोल ग्राइंड या घसरण्याच्या प्रकारात मागच्या पायाची ही सोलप्लेट आणि पुढच्या पायाच्या फ्रेममधली खाच, असा दोन्हींवर भार येतो. रोलरब्लेड कंपनीच्या टारमॅक सीई या बुटातलं ‘सीई’ म्हणजे ख्रिस एडवर्ड्स. खेळाडूच्या नावाचा बूट निघतो तेव्हा धंदा व्यावसायिक झालाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

चाकं ५५ ते ६० मिमीच्या घरात आली, कडकपणा ८८ए आणि वर. स्ट्रीटवाले मधली दोन चाकं आणखी लहान आणि दगडासारखी कडक लावतात, या मांडणीला अँटीरॉकर म्हणतात. खाच मोकळी राहते, पण वळण जड होतं आणि खडबडीत रस्त्यावर वेग मरतो. व्हर्टवाले बहुतेक चारही चाकं सारखीच ठेवतात, त्यांना रॅम्पवर वेग टिकवायचा असतो. बेअरिंग मात्र दोघांचीही त्याच मापाची, ६०८. चाकाला दोन, जोडीला सोळा.

रेलिंग_खालचा
वरच्या यादीत बायकांचं एकही नाव नाही, ते घाला. १९९५ चं महिला व्हर्ट टॅश हॉजसनने जिंकलं. १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन वर्षं ब्राझीलच्या फाबिओला दा सिल्वाने, आणि १९९९ ला जपानच्या आयुमी कावासाकीने तिला हरवलं. महिला स्ट्रीट १९९७ ला सायाका याबेने घेतलं. पुढे एएसएने व्हर्टमध्ये बायकांना पुरुषांबरोबर उतरू दिलं, त्या नियमाला ‘फाबिओला रूल’ असंच नाव पडलं. नोंदीत हे तळटीप म्हणून नको, मूळ मजकुरात हवं.

गुणांबद्दल: ठरलेल्या वेळेची फेरी, शंभरपैकी गुण. अवघडपणा, शैली, सातत्य आणि लाइन, म्हणजे रॅम्प किंवा कोर्सचा वापर किती जोडून केला, हे पाहत. व्हर्टवर हे बरं चालतं, कारण सगळे एकाच रॅम्पवर एकाच लयीत वरखाली करतात. फिरक्या आणि उंची समोरासमोर दिसतात. स्ट्रीटवर ‘सातत्य’ हा निकष खेळाडूला मागे खेचतो. पडलं की गुण जातात, मग माणूस हमखास जमणारी ट्रिक लावतो, आणि खरी अवघड ट्रिक स्पर्धेत दिसतच नाही.

आठ_चाकं
मग स्ट्रीटवाल्यांनी यावर काही वेगळं काढलं का?

रेलिंग_खालचा
काढलं. नव्वदचं दशक संपताना आयएमवायटीए ही स्पर्धा आली. नावाचाच अर्थ ‘तुझी ट्रिक मी करून दाखवतो’ असा. शहरातला खरा कठडा, फेरी नाही, शंभरातले गुण नाहीत. एकाने ट्रिक लावली की बाकीच्यांनी तीच लावायची, नाही जमली तर बाहेर. तुमच्या नोंदीचा पहिला भाग १९९४ च्या एनआयएसएसपासून इथपर्यंत घ्या.

कोपिंगवाला
सहमत. आणि महिला व्हर्टचं वर मीच टाकायला हवं होतं, राहून गेलं.