सासऱ्यांच्या चहातल्या शुगर-फ्री गोळ्या बंद करू का?

घंटाळीकर
सासरे ७१ वर्षांचे, मधुमेह जुना. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात अ‍ॅस्पार्टेमच्या दोन गोळ्या. परवा तलावपाळीवर त्यांच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाचून दाखवलं, ‘याने कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओनेच सांगितलंय.’ तेव्हापासून गोळ्या बंद आणि चहात गूळ सुरू, कारण गूळ नैसर्गिक! त्यात माझी नऊ वर्षांची मुलगी आजोबांचं बघून त्या गोळ्या मागते. काय करू?

नेरुळची आहारतज्ज्ञ
ताई, आधी गूळ थांबवा. रक्तातली साखर गुळानेही चढतेच.

आता कॅन्सरचं. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम ‘२बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कारणीभूत’. पुरावा किती भक्कम आहे एवढंच हा गट सांगतो. किती खाल्लं तर किती धोका, हे नाही. ते काम दुसऱ्या समितीचं, आणि तिने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. सासरे ६० किलोचे धरले तर २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत २० धरा, आठ गोळ्यांचे १६०. कुठे २४००, कुठे १६०! त्यांना सुखाने चहा पिऊ द्या.

मुलीला मात्र नको. मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला अशी गोडी वापरू नका. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसले. अर्थात, मुळात वजन जास्त असलेले लोकच अशा गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे कारण गोळीच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला गोडाची सवय वाढवून काय मिळवायचंय?

मला खरी काळजी वाटते ती ‘शुगर-फ्री’ बर्फीची. दिवाळी झाली की माझ्याकडे येणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये ती दिसते. तिच्यात साखरेऐवजी घातलेल्या माल्टिटॉलमध्ये साखरेच्या निम्म्या कॅलरी असतातच, खवा आणि तूप तर नेहमीइतकंच. डब्यावर शुगर-फ्री लिहिलंय म्हणून माणूस एकाऐवजी चार तुकडे खातो, आणि वर पोट बिघडतं ते वेगळंच.

वाशीचा केमिस्ट
गोळी चहा उकळताना टाकू नका, कपात ओतल्यावर टाका. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने मोडतं, गोडी जाते. मग लोक आणखी दोन टाकतात. आणि घरात कुणाला फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असेल तर अ‍ॅस्पार्टेम अजिबात चालत नाही. पाकिटावर तसं छापलेलं असतं.

घंटाळीकर
खूप आभार. नणंद परदेशातून एरिथ्रिटॉल आणते, तेही साखरेऐवजी वापरतात, ते दिलं तर? सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय.

नेरुळची आहारतज्ज्ञ
मग मी देणार नाही. २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना असं आढळलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त, त्यांच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त. शरीर ते स्वतःही थोडं तयार करतं, म्हणून हा शेवटचा शब्द नाही. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसावर प्रयोग कशाला? त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

कोपरीची लेक
एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. माझी आई इन्सुलिन घेते. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीच्या आसपास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईंनी घाईघाईने पर्समधून शुगर-फ्रीची डबी काढली. त्यांचं मन चांगलं, पण साखर उतरली असताना त्या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. मी खरी साखर पाण्यात घालून पाजली, तेव्हा घणसोलीपर्यंत ती नीट बोलायला लागली. सासऱ्यांच्या औषधांनी साखर उतरू शकते का, हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. शुगर-फ्रीच्या डबीत नको, वेगळी ठेवा.