पडद्याचं इंजेक्शन आणि चुकलेली तारीख: अनुभव धागा (सातारा-सांगली)

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, अक्षरं आणि चेहरे ओळखणारा. उतारवयात तो झिजतो. कोरडा प्रकार सावकाश चालतो. ओल्यात पडद्याखाली कच्च्या रक्तवाहिन्या वाढून पाणी-रक्त झिरपतं. इंजेक्शन देतात ते या ओल्यावर. ज्यांना जवळून माहिती आहे त्यांनी नेमकं लिहा. 'धीर धरा' सगळेच सांगतात, ते इथे नको.

रेटिना ओपीडीतली परिचारिका, मिरज

सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन. मग ओसीटीत (पडद्याच्या थरांचा स्कॅन) पडदा कोरडा दिसला तर अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवतात, पाणी दिसलं की पुन्हा कमी करतात. तिसऱ्यानंतर पेशंट गायब होतात. कुणाला बरं वाटतं म्हणून, कुणाला काहीच फरक नाही म्हणून. औषध रक्तवाहिनी वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवतं, वाहिनी मुळासकट जात नाही. असर काही आठवड्यांत ओसरतो, झिरपणं परत सुरू होतं आणि शेवटी व्रण पडतो. व्रणावर इंजेक्शनचा उपयोग नाही. म्हणून नजर आहे तिथे टिकली तरी औषध लागू पडलं असंच धरायचं.

टेबलावर थेंबांनी डोळा बधिर करतात, 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन घालतात, पापण्या फाकवून बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात 0.05 मिली औषध सोडतात. काही सेकंदांचं काम. त्या वेळी बोलू नका; तोंडातले जंतू उडतात. डोळे आले असतील, रांजणवाडी असेल, नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद करू नका.

रात्री चुरचुरतं ते आयोडीनमुळे. पांढऱ्यात लाल डाग पडला तर दहा-पंधरा दिवसांत जातो. काळे गोल फुगे तरंगताना दिसतात ती हवा, एक-दोन दिवसांत विरते. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर धूसर झाली तर तो आतला जंतुसंसर्ग समजा. क्वचित होतो, पण तेव्हा रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तीन-चार दिवस डोक्यावरून पाणी नको, कडबाकुट्टीजवळ उभं राहणं नको.

औषध दुकानदार, सांगली

पावतीवर 'बेव्हॅसिझुमॅब' वाचून, ते आतड्याच्या कॅन्सरचं औषध आहे हे कळून नातेवाईक हादरतात. औषध खरंच तेच. 100 मिलिग्रॅमची 4 मिलीची बाटली असते, डोळ्याला लागतं 1.25 मिलिग्रॅम. एका बाटलीतून अनेक डोस भरतात, म्हणून स्वस्त. 2011 च्या अमेरिकन चाचणीत ते नजरेच्या बाबतीत रॅनिबिझुमॅब या डोळ्याच्या महागड्या इंजेक्शनच्या बरोबरीचं ठरलं. धोका औषधात नाही, भरण्यात आहे: सिरिंज कुठे आणि कधी भरली, हे विचारा. विचारल्यावर राग येणाऱ्यांकडून घेऊ नये, हे माझं मत. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) 2015 पासून मिळतं, ती एका पेशंटची वेगळी बाटली. दोन्ही 2 ते 8 अंशांत ठेवायची. स्वतः विकत नेत असाल तर बर्फाच्या पॅकसह थर्मासमध्ये. मात्र बर्फाला चिकटून गोठलेलं औषध वाया.

चष्म्याची तपासणी करणारा, कराड

'मोतीबिंदू पिकू दे' म्हणत वर्ष घालवतात, आणि असतो हा आजार. मोतीबिंदूत सगळंच धूसर दिसतं; यात मधेच डाग दिसतो, सरळ रेषा वाकते. जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, हातभर अंतरावरून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून कळत नाही, चांगला डोळा वाईटाचं झाकतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रेषा नव्याने वाकली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

डोळ्यांच्या पोषक गोळ्यांबद्दल: त्या ओल्या प्रकारावर इंजेक्शनच्या जागी चालत नाहीत. मध्यम टप्प्यातल्या कोरड्याला पुढे जाण्यापासून थोडं रोखतात. लेबलवर ल्युटीन 10, झियाझँथिन 2, झिंक 80, तांबं 2 मिलिग्रॅम बघा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला, सोडलेल्यालाही, बीटा-कॅरोटीनवाली नको. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

घरी सांभाळणारी सून, जत

भिंतीवर फुलं, अंगणात अनोळखी मुलं दिसतात असं म्हातारी माणसं सांगतात. लगेच देवऋषी गाठू नका. नजर कमी झाली की मेंदू चित्रं भरतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. आवाज येत नाही, आणि ते खरं नाही हे बहुधा त्यांना कळतं. दिवा लावा, डोळे डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. आवाजही येत असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण दुसरं असू शकतं.

स्टीलच्या ताटात भात दिसत नाही, गडद ताट घ्या. गोळ्यांच्या दोन सारख्या डब्यांपैकी एकीला रबर लावा. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं.

पुन्हा मिरजहून

पुराचं राहिलं. 2019 च्या ऑगस्टसारखं पाणी चढलं की गावाबाहेर पडता येत नाही. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येताच फोन करा. मागच्या इंजेक्शनला 28 दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारून तारीख अलीकडे घेता येते. 75 पुढच्यांना एसटी मोफत आहे, आधार कार्ड सोबत ठेवा. परतताना सोबत माणूस हवाच, डोळ्यात औषध असताना फलाटावरची पाटी वाचता येत नाही.