रात्री पीसी बंद करणारे अडाणी? मग मी अडाणीच बरा

मानपाड्याचा_म्हातारा : काल इथे एका महाशयांनी लिहिलं, 'रात्री पीसी बंद करणारे अजून डबड्या मॉनिटरच्या जमान्यात आहेत. चालू-बंद करूनच पार्ट मरतात.' डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. माझा डेस्कटॉप नुसता बसून 60 वॉट खातो, प्लगला मीटर लावून मोजलंय. रात्रीचे 9 तास धरा, महिन्याला 16 युनिटं होतात. कशासाठी? घोडबंदर रोडची धूळ आत ओढायला? दिवाळीला साइड पॅनेल उघडलं की निम्मा रस्ता बाहेर येतो. वर 100 युनिटांचा स्लॅब ओलांडला की सगळं बिल महाग!

सानपाडा_सेक्टर_वाला : महाशय मीच. आधी हिशोब नीट करा काका, वाढीव दर फक्त 100 च्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्यांना नाही. आणि रात्रभर एसी लावून झोपता, तेव्हा युनिटं मोजता का? माझा पीसी 2014 पासून अखंड चालू आहे, एकही पार्ट बदललेला नाही. सकाळी 27 टॅब जसेच्या तसे समोर असतात.

मानपाड्याचा_म्हातारा : स्लॅबचं बरोबर आहे, चुकलो. बाकी तुमचा एक पीसी म्हणजे पुरावा झाला होय? माझे आजोबा रोज विडी ओढून 91 वर्षं जगले. आणि एसी आमच्याकडे नाहीच.

ऐरोली_नाइटशिफ्ट : दोघंही उगाच भांडताय. विंडोज 8 पासून 'शटडाऊन' म्हणजे पूर्ण बंद नसतंच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर साठवून ठेवतात. काका, उद्या टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा, आठ-दहा दिवस दिसेल. खरं ताजंतवानं व्हायचं तर रीस्टार्ट करा. ऑफिसात आम्हीच सांगतो, रात्री मशीन चालू ठेवा, अपडेट तेव्हाच ढकलतो. घरी स्लीपवर टाका, उघडलेलं काम तसंच राहतं आणि दोन-चार वॉटच जातात.

कोपरीची_वहिनी : पीसीचं राहू द्या, यूपीएसचं बोला, लाइट गेली की पीसी चालवणारा तो बॅटरीचा खोका. ह्यांनी पीसी रात्रभर चालू ठेवला, 3 वाजता लाइट गेली, टीं टीं टीं सुरू. बाळ उठलं, सासूबाई उठल्या, शेजारचे बेल वाजवून गेले. हे मात्र घोरतायत!

सानपाडा_सेक्टर_वाला : वहिनी, 600 व्हीएचा, म्हणजे घरगुती छोटा यूपीएस असेल तर दहा-पंधरा मिनिटं, मग आपोआप गप्प.

कोपरीची_वहिनी : पंधरा मिनिटं तुमच्या घरी बाळ घेऊन बसा, मग सांगा. आणि आता तर लाइट असतानासुद्धा मध्येच ओरडतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट : बॅटरी गेली. दोन-तीन वर्षांत जातेच. अख्खा खोका नको, फक्त आतली बॅटरी बदला.

मानपाड्याचा_म्हातारा : माझ्या दुकानदाराने अख्खा यूपीएस विकला होता मला! 'बॅटरी मिळत नाही' म्हणाला. सहा महिन्यांनी त्याच्याच काउंटरवर तीच बॅटरी! त्या दिवसापासून त्या गल्लीतून जात नाही, स्टेशनला वळसा घालून जातो.

सानपाडा_सेक्टर_वाला : म्हणजे वीज वाचवता आणि चपला झिजवता.

मानपाड्याचा_म्हातारा : चपलेला युनिट लागत नाही, शहाण्या. मागच्या जूनमध्ये वीज कडाडली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधले दोन राउटर आणि एक मदरबोर्ड उडाला. माझा वाचला, कारण बंद होता.

ऐरोली_नाइटशिफ्ट : बंद होता म्हणून नाही काका. प्लग भिंतीत असेल तर बंद पीसीसुद्धा उडतो. प्लग काढला होतात का?

मानपाड्याचा_म्हातारा : हिने काढला होता. मोबाइल चार्ज करायला.

सानपाडा_सेक्टर_वाला : 😂 चला, आजपासून पावसाळाभर मी स्लीपवर ठेवतो. बंद नाही, स्लीप. वाचून घ्या नीट.

कोपरीची_वहिनी : बॅटरी कितीला पडेल ते कुणी सांगेल का? आणि जुनी भंगारवाल्याला द्यायची का?

ऐरोली_नाइटशिफ्ट : भंगारात नको, आत शिसं असतं. दुकानदाराला परत द्या, नवीच्या किमतीत थोडे कमी करतो. फक्त काकांच्या दुकानदाराकडे जाऊ नका.