मदत हवी आहे: साडीवर शोभेल असं स्मार्टवॉच

आईसाठी स्मार्टवॉच घ्यायचंय. मनगटाचा घेर 14 सेंमी, त्यामुळे 46 मिमीची डायल मनगटाबाहेर येते. 40-42 मिमीचीच बघतेय. रबरी पट्टा साडीवर अजिबात शोभत नाही. 20 मिमीचा, क्विक रिलीज पिनचा स्टीलचा पट्टा लगेच बदलता येतो, पण तो सैल राहिला की मागच्या हिरव्या दिव्यांच्या सेन्सरमध्ये बाहेरचा उजेड शिरतो आणि हृदयाचे ठोके चुकीचे दिसतात. चुंबकाचा जाळीदार पट्टा दिवसभर सरकत नाही ना?

दुसरं म्हणजे, ऑलवेज-ऑन (म्हणजे स्क्रीनवर वेळ सतत दिसत राहणं) बंद ठेवलं तर मनगटावर नुसती काळी काच दिसते, आणि चालू ठेवलं तर बॅटरी लवकर उतरते. अ‍ॅमोलेड स्क्रीनवर (तिच्यात काळा भाग उजळतच नाही, म्हणून बॅटरी वाचते) काळ्या पार्श्वभूमीचा, बारीक काट्यांचा वॉचफेस लावून कुणाची बॅटरी किती दिवस टिकते? मॉडेलसकट सांगा, प्लीज.